परंतु असे की...

"लिहून घेणार यांनी सदर सदनिकेच्या वापरापोटी ठरलेले मासिक शुल्क, जे उभय पक्षांनी खुशीने, अक्कलहुशारीने व कोणाच्याही दडपणाखाली न येता निश्चित केलेले आहे, ते दर इंग्रजी महिन्याच्या ५ तारखेस अथवा तत्पूर्वी, कोणतीही सबब, तक्रार अथवा हरकत उपस्थित न करता, लिहून देणार यांस अदा करावयाचे असून, तसे करण्यात कसूर झाल्यास होणाऱ्या सर्व परिणामांस लिहून घेणार हे सर्वस्वी जबाबदार राहतील."

मराठीत सांगायचं तर, भाडं पाच तारखेच्या आत द्या.

कल्याण सोडलं की पहिलं स्टेशन विठ्ठलवाडी. बदलापूर लोकलमधली माणसं या स्टेशनाकडे फारशी बघत नाहीत, पण ज्याला भाड्याचं घर हवंय आणि ज्याचं डोंबिवलीचं भाडं ऐकून तोंड कोरडं पडलंय, तो इथे उतरतो. घर बघतो, मालकाशी बोलतो. बोलणं असं होतं: "अकरा महिने. डिपॉझिट तीस हजार. भाडं पाच तारखेला. मच्छी-मटण करा, कुत्रा पाळू नका. पाणी सकाळी सहाला येतं." "चालेल काका." झाला करार. यात कुणाला काही समजलं नाही असं झालेलं नाही. मग दोघं मिळून झेरॉक्स, पॅन कार्ड, आधार दुरुस्ती आणि भाडेकरार हे सगळं एकाच गाळ्यात करून देणाऱ्या माणसाकडे जातात, आणि त्या पाच वाक्यांची चौदा पानं होतात. पाणी सकाळी सहाला येतं हे एकमेव उपयोगाचं वाक्य मात्र त्या चौदा पानांत कुठेच नसतं.

हे असं का होतं, यावर नाक्यावरचं उत्तर तयार आहे: वकील लबाड. पानावर पैसे घेतात, म्हणून पानं वाढवतात. आणि हे उत्तर अगदीच हवेतलं नाही. १५९६ साली लंडनच्या चॅन्सरी कोर्टात मिलवर्ड विरुद्ध वेल्डन नावाचा खटला चालला होता. वादीच्या मुलाने १२० पानांचं प्रत्युत्तर दाखल केलं. न्यायाधीश एगर्टनसाहेबांनी ते पाहिलं आणि म्हणाले, हे १६ पानांत मावलं असतं. मग त्यांनी हुकूम काढला: या कागदांच्या मधोमध भोक पाडा, त्यातून याचं डोकं बाहेर काढा, लिहिलेली बाजू लोकांना दिसेल अशी ती चळत गळ्यात अडकवा, आणि कोर्टं चालू असताना वेस्टमिन्स्टर हॉलभर बोडक्या डोक्याने फिरवा. वर १० पौंड दंड. ही शिक्षा कल्याण कोर्टात आणली, तर आवारात चहाच्या टपरीपर्यंत जायला वाट मिळणार नाही.

पण लोभाचं उत्तर पुरत नाही. टायपिंगचे पैसे पानावर असतील, वकिलाची फी बहुतेक ठिकाणी उक्ती असते. पाच हजार ठरले की ठरले, कागद तीन पानी असो वा तेरा. मग तेरा पानांचा उपद्व्याप कशासाठी?

भाडेकराराचंच बघा. तो कागद नीट वाचलात (वाचत नाही कुणी, पण समजा वाचलात), तर एक गंमत दिसेल. ज्याला सगळी विठ्ठलवाडी भाडेकरार म्हणते, त्यात भाडेकरू हा शब्द सापडतो तो फक्त नाकारण्यापुरता. लिहून घेणार हा भाडेकरू नाही, त्याला भाडेकरूचा कोणताही हक्क नाही, असा हक्क निर्माण करण्याचा उभयतांचा इरादा नव्हता, नाही व राहणार नाही. तीनतीनदा. चौथ्यांदा परिशिष्टात. वाचणाऱ्याला वाटतं, एवढं ओरडण्याचं कारण काय?

कारण १९४७ आहे. त्या वर्षी मुंबईचा भाडे नियंत्रण कायदा आला. भाडं गोठलं आणि भाडेकरूला बाहेर काढणं महाकठीण झालं. मालकांनी वकील गाठले. वकिलांनी तोड काढली: जागा भाड्याने द्यायचीच नाही, वापरायची 'परवानगी' द्यायची. लीव्ह अँड लायसन्स. माणूस तोच, खोली तीच, पैसेही दर महिन्याला तेच, फक्त कागदावर तो भाडेकरू नाही. १९५९ साली सर्वोच्च न्यायालयाने असोसिएटेड हॉटेल्सच्या खटल्यात सांगितलं की कागदाच्या डोक्यावर काय लिहिलंय त्याला महत्त्व नाही, आत इरादा काय आहे आणि ताबा कुणाचा आहे ते आम्ही बघू. झालं! डोक्यावर लिहून भागत नाही म्हटल्यावर वकिलांनी इरादा पानापानावर लिहायला घेतला. मग १९७३ आलं. सरकारने कायदा बदलला आणि त्या वर्षीच्या १ फेब्रुवारीला चालू परवान्यावर जे जागेत राहत होते, त्यांना एका रात्रीत भाडेकरू ठरवून टाकलं. ज्या मालकांचे कागद 'परवानगी, परवानगी' म्हणत होते, त्यांची परवानगी कायमची झाली. त्या दणक्याची धास्ती आजच्या प्रत्येक करारात आहे. तुम्ही विठ्ठलवाडीत वनरूम किचन घेता आणि सही करता ती पन्नास वर्षांपूर्वी दादर-गिरगावात हरलेल्या कुणा मालकाच्या भीतीवर.

वकिलाच्या वाकड्या वाक्याचं हे पहिलं खरं कारण. ते तुमच्यासाठी लिहिलेलं नसतं. कधीतरी, तुमचं फाटल्यावर, कोर्टात उभ्या राहणाऱ्या समोरच्या वकिलासाठी ते लिहिलेलं असतं. तो वाक्यात फट शोधणार, म्हणून आधीच बुजवून ठेवायची. 'भाडं द्या' म्हटलं तर तो विचारेल, कुणी? कधी? तक्रार असली तर रोखून धरता येईल का? म्हणून 'कोणतीही सबब, तक्रार अथवा हरकत उपस्थित न करता'. हे समजण्यासारखं आहे.

कैफियतीचंही तसंच. कोर्टात दावा लागला की प्रतिवादी कैफियत देतो. त्यात काय असतं? "दावा कलम १ मधील मजकूर खोटा, खोडसाळ व निराधार असून प्रतिवादीस मान्य व कबूल नाही." कलम २, तेच. कलम ३, तेच. वडिलांच्या खोलीवरून भांडणाऱ्या दोन सख्ख्या भावांच्या दाव्यातली कैफियत चाळून बघा. दोघं एकाच आईच्या पोटी जन्मले, हे म्हणणंसुद्धा खोटं आणि खोडसाळ निघायचं. आई गावाला तुळशीपुढे बसलेली असते, तिला पत्ताच नाही. हा वेडेपणा वकिलाच्या डोक्यातून आलेला नाही. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत आदेश ८, नियम ५ आहे: समोरच्याचं जे म्हणणं तुम्ही स्पष्टपणे नाकारलं नाही, ते कबूल धरलं जाईल. मग वकील कशाला जोखीम घेतो? सरसकट सगळंच नाकारतो. भाऊसुद्धा.

आता गंमत अशी की त्याच संहितेत, दोनच आदेश आधी, आदेश ६, नियम २ आहे. तो म्हणतो, दाव्यात फक्त महत्त्वाच्या घटना लिहा, थोडक्यात लिहा, पुरावा त्यात कोंबू नका, क्रमवार परिच्छेद पाडा, तारखा आणि रकमा आकड्यांतही लिहा आणि अक्षरांतही. नियम १६ तर कोर्टाला अनावश्यक मजकूर काढून टाकायला लावण्याचा अधिकार देतो. म्हणजे थोडक्यात लिहायचा हुकूम शंभर वर्षांहून जुना आहे. आदेश ८ ला वकील घाबरतात, आदेश ६ ला कुणी घाबरत नाही. कारण उघड आहे. नाकारायचं राहिलं तर दावा हातचा जातो, पाल्हाळ लावलं म्हणून आजवर कुणाचा गेलाय?

तर भीती हे कारण झालं. पण भीतीने सगळा हिशेब लागत नाही. अकरा महिने घ्या. करार अकराच महिन्यांचा का? कारण १९०८ च्या नोंदणी कायद्यात एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवणं सक्तीचं आहे. अकरा महिन्यांचा केला की नोंदणी टळते. हुशारी! फक्त ती महाराष्ट्रात केव्हाच बाद झाली. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, कलम ५५: भाडेकरार असो की लीव्ह अँड लायसन्स, लेखी पाहिजे आणि नोंदवलेला पाहिजे, मुदत अकरा महिने असो की अकरा दिवस. जबाबदारी मालकाची. नाही नोंदवला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. वर आणखी, वाद झाला तर अटींबद्दल राहणाऱ्याचं म्हणणं खरं धरलं जाईल, उलट सिद्ध होईपर्यंत. म्हणजे अकरा महिन्यांनी आता काहीही टळत नाही. तरी करार अकराच महिन्यांचा. एजंटाला विचारा का, तो म्हणतो, "अकराचाच असतो." संपलं.

इथे दुसरं कारण हाती लागतं आणि ते पहिल्यापेक्षा लाजिरवाणं आहे: नक्कल. वकील लिहीत नाही, जुना कागद उघडतो आणि नावं बदलतो. जुना कागद त्याच्या सीनियरचा, सीनियरकडे त्याच्या सीनियरचा. कुठलं वाक्य कशासाठी घातलं होतं हे कुणालाच ठाऊक नसतं, म्हणून काढायचं धाडस कुणालाच होत नाही. असू दे, काय बिघडतंय?

खरेदीखतांत याची लयलूट आहे. पेशव्यांच्या काळात इनामाची सनद देताना लिहीत: जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांसह. गाव देताय, तर त्यातलं पाणी, झाडं, गवत, लाकूडफाटा, दगड आणि जमिनीत पुरलेलं धन यांचं काय, हा प्रश्न खरा होता. तेव्हा ते वाक्य चोख होतं. तेच वाक्य पुढे शेतजमिनीच्या खरेदीखतात आलं, तिथून प्लॉटच्या, आणि प्लॉटवरून जिने चढत फ्लॅटच्या. तिसऱ्या मजल्यावरचा साडेतीनशे चौरस फुटांचा फ्लॅट आज झाडझाडोरा, दगडधोंडे आणि निधी-निक्षेपासह विकला जातो. घेणाऱ्याने लाद्या उखडून बघायला हरकत नाही. खाली दुसऱ्या मजल्यावरच्यांचा पंखा सापडेल.

चतुःसीमेतही तीच तऱ्हा. कल्याण-डोंबिवलीची हद्द कुठे संपली आणि उल्हासनगरची कुठे सुरू झाली, हे या भागातल्या रिक्षावाल्यालाही नेमकं सांगता येत नाही, पण कागद ठाम असतो. "पश्चिमेस: नैसर्गिक जलप्रवाह." ती आपली वालधुनी. तिच्या काठाने नाकाला रुमाल न लावता चाललेल्या माणसाने हे वाक्य लिहिलेलं नाही, एवढं नक्की.

यावर एक ठरलेला बचाव असतो: हे सगळं इंग्रजीचं पाप आहे हो, इंग्रजांनी कायदा आणला, आपण भाषांतर करत बसलो, मराठीत कारभार झाला की सोपं होईल. या बचावाची परीक्षा आपल्याच गावात होऊन गेली आहे. कल्याणचे अ‍ॅड. शांताराम दातार यांनी कोर्टात मराठी यावी म्हणून वर्षानुवर्षं किल्ला लढवला. १९९८ मध्ये शासनाने जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा मराठी असल्याची अधिसूचना काढली. पण अधिसूचना निघाली म्हणून वहिवाट बदलत नाही, म्हणून त्यानंतरही दातार आणि त्यांचे सहकारी पाठपुरावा करत राहिले. उच्च न्यायालयात तर राज्यघटनेच्या ३४८ व्या कलमाप्रमाणे अजून इंग्रजीच. ती लढाई रास्तच होती. ज्याचं घर चाललंय त्याला निदान आपलं घर का चाललंय ते आपल्या भाषेत कळावं.

पण मराठी आली म्हणून सोपेपणा आला का? शासनाची कोणतीही मराठी अधिसूचना काढा. "ज्याअर्थी" ने सुरू होते. मग दुसरं ज्याअर्थी, तिसरं ज्याअर्थी. दीड पानाने "त्याअर्थी" येतं, तोवर पहिलं ज्याअर्थी कशाबद्दल होतं ते वाचणारा विसरलेला असतो. मग नियम येतो. आणि नियम समजला असं वाटतं न वाटतं तोच नवी ओळ: "परंतु असे की..." त्या तीन शब्दांत महाराष्ट्राचं अर्धं प्रशासन राहतं. वर दिलेलं सगळं खाली काढून घेण्याची ती जागा. हे सगळं शुद्ध मराठी आहे. इंग्रजाचा हात त्यात आता शोधूनही सापडायचा नाही.

उलट इंग्रजाने सोपं लिहून दाखवलंय, ते आपण घेतलं नाही. भारतीय दंडसंहितेचा मसुदा मेकॉलेच्या मंडळाने १८३७ मध्ये तयार केला, कायदा १८६० मध्ये झाला. मेकॉलेला शिव्या घालायला आपल्याकडे कारणं पुष्कळ आहेत, पण चोरी म्हणजे काय हे सांगताना तो व्याख्या देऊन थांबला नाही, खाली उदाहरणं दिली. एक असं: एका माणसाने कुत्र्यांसाठी आमिष म्हणून काहीतरी खिशात ठेवलं, त्या वासाने दुसऱ्याचं कुत्रं त्याच्या मागे निघालं. कुत्रं पळवायचाच इरादा असेल, तर कुत्र्याने मागे यायला सुरुवात केली त्या क्षणी चोरी झाली. पोरालाही कळतं. २०२४ मध्ये दंडसंहिता गेली, भारतीय न्याय संहिता आली, कलमांचे आकडे बदलले, पण ते कुत्रं अजून त्या खिशामागे चाललंय. दीडशेहून अधिक वर्षं हे उदाहरण कोर्टात टिकलं. सोपं लिहिलं की कायद्याला भोक पडतं, असं म्हणणाऱ्यांना त्या कुत्र्याची आठवण द्यावी.

म्हणजे सोपं लिहिता येतं, सोपं लिहा असा कायदाही आहे, सोपं लिहिलेलं कोर्टात टिकतं. तरी कुणी लिहीत नाही. का?

याचं उत्तर अमेरिकेतल्या एमआयटीतल्या काही मंडळींनी शोधलं. २०२२ मध्ये त्यांनी दाखवलं की करार कळत नाहीत ते कायद्यातल्या अवघड कल्पनांमुळे नव्हे, तर वाक्यरचनेमुळे. मुख्य दोष एकच: वाक्याच्या पोटात दुसरं वाक्य. कर्ता इकडे, क्रियापद तिकडे, मध्ये तीन ओळींची 'जे उभय पक्षांनी खुशीने, अक्कलहुशारीने' भरलेली. २०२३ मध्ये त्यांनी शंभराहून अधिक वकिलांनाच तपासलं. वकिलांनाही ही भाषा नीट कळत नव्हती, लक्षात राहत नव्हती, आवडत नव्हती. आणि सोप्या भाषेतला करारही तितकाच बंधनकारक, असं त्यांनीच सांगितलं. मग २०२४ मध्ये कहर झाला. ज्यांचा वकिलीशी संबंध नाही अशा साध्या माणसांना त्यांनी सांगितलं, दारू पिऊन गाडी चालवण्याविरुद्ध, घरफोडीविरुद्ध कायदा लिहा. माणसांनी लिहिला. वाक्याच्या पोटात वाक्य! त्याच विषयावर गोष्ट लिहायला सांगितली, तर सरळ लिहिलं. कायदा म्हटला की पेन वाकडं. संशोधकांनी याला मंत्राची उपमा दिली: मंत्र मंत्रासारखा वाटायचा तर तो रोजच्या बोलण्यासारखा असून चालत नाही.

हे शोधायला एमआयटीला एवढी वर्षं लागली. त्यांनी विठ्ठलवाडीतल्या कुठल्याही सोसायटीचा नोटीस बोर्ड वाचला असता, तर दुपारपर्यंत काम आटोपलं असतं. सेक्रेटरी कोण? टपाल खात्यातून निवृत्त झालेले काका. जिन्यात भेटले तर म्हणतात, "टाकी धुणारेत उद्या, पाणी भरून ठेव." बोर्डावर लिहितात: "सर्व सन्माननीय सभासदांना याद्वारे कळविण्यात येते की, अपरिहार्य कारणास्तव उद्या रोजी जलपुरवठा खंडित ठेवण्याचे योजिले असून, तरी सर्वांनी याची नोंद घेऊन सहकार्य करावे, ही विनंती." अपरिहार्य कारण म्हणजे टाकीत पडलेलं कबूतर. काकांना कुठल्या समोरच्या वकिलाची भीती आहे? ते घाबरलेले नाहीत, ते पदावर आहेत.

लग्नपत्रिका काढा. घरात सगळे म्हणतात, "आमच्या पिंट्याचं लग्न आहे, यायचं हं." छापायची वेळ आली की "आमचे येथे श्रीकृपेकरून". जुन्या पत्रिकांत तर मुलामुलीचा शरीरसंबंध करण्याचे योजिले असे, आणि ते आजोबा-आजींच्या नावाने, थेट आप्तेष्टांना निमंत्रण देऊन. कुणाला वावगं वाटलं नाही. कारण वाचायचं नसतंच ते. वजन जाणवलं की झालं.

तेव्हा मुद्द्याचं बोलू. वकिलाच्या वाकड्या भाषेचं गिऱ्हाईक आपण आहोत. एखाद्या तरुण वकिलीणबाईने तुम्हाला दीड पानाचा, तुमच्या शेजाऱ्यालाही कळेल असा करार लिहून दिला आणि पाच हजार मागितले, तर तुम्ही काय म्हणाल? "मॅडम, एवढंसं? हे तर मीही लिहिलं असतं." बाई कधीच पुन्हा ती चूक करणार नाहीत. पुढच्या पक्षकाराला त्या चौदा पानं देतील, निधी-निक्षेपासह, आणि तो मान डोलावत पैसे मोजेल. काम झालंय असं वाटायला हवं ना? नोटीस पाठवायची असली तर अशिलाचा पहिला आग्रह काय असतो? "वकीलसाहेब, जरा कडक लिहा." कडक म्हणजे काय? शेजाऱ्याला कळलं नाही पाहिजे, पण घाम फुटला पाहिजे.

आणि हा मंत्र वकिलांपुरता राहत नाही, वर चढतो. एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्या. मदन लोकूर आणि न्या. दीपक गुप्ता यांच्यापुढे हिमाचल प्रदेश उच्च न्यायालयाचा एक निकाल आला. प्रकरण घरमालक-भाडेकरूचंच. दोघा न्यायमूर्तींनी तो रद्द केला. चुकीचा होता म्हणून नव्हे, कळतच नव्हता म्हणून. परत पाठवला, नव्याने लिहा. २०२१ मध्ये त्याच उच्च न्यायालयाचा आणखी एक निकाल, बँकेच्या एका कर्मचाऱ्याच्या प्रकरणातला, न्या. धनंजय चंद्रचूड यांच्यापुढे आला. तो वाचून डोक्याला बाम लावायची वेळ आली, असं त्यांच्या खंडपीठाने भर कोर्टात सांगितलं. पुढे २०२२ मध्ये त्या प्रकरणाच्या निकालात त्यांनी निकाल कसे लिहावेत तेच सांगून टाकलं: परिच्छेदांना आकडे घाला, मुद्दे वेगळे मांडा, ज्याच्यासाठी लिहिताय त्याला कळू द्या. न्यायमूर्तींना बाम मिळाला. विठ्ठलवाडीच्या भाडेकरूला काय मिळतं?

त्याला अंगठ्याचं मशीन मिळतं. आता भाडेकरार नोंदवायला दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात खेपा घालाव्या लागत नाहीत, एजंट लॅपटॉप घेऊन घरी येतो. सोय खरोखर मोठी आहे. टीपॉयवरची वर्तमानपत्रं बाजूला होतात, मशीन मांडलं जातं. "काका, चष्मा काढा. इकडे कॅमेऱ्यात बघा. अंगठा. जोरात नाही, नुसता टेकवा. नाही आला. पुसा. परत." घरातल्या आजींचा अंगठा तर मशीन ओळखतच नाही. आयुष्यभर भांडी घासून रेषा गेलेल्या. मग बोटं बदलून बघायची. त्या सगळ्या खटपटीत बराच वेळ जातो, आणि तो सगळा अंगठ्यावर जातो. चौदा पानं स्क्रीनवरून सरकतात ती पंख्याच्या पात्यासारखी. मालक बीकॉम, भाडेकरू इंजिनियर, साक्षीदार दोघं ग्रॅज्युएट. ज्या पणजोबांना अंगठेबहाद्दर म्हणून हसायचो, त्यांना निदान कुळकर्णी कागद वाचून दाखवत असे.

न वाचलेल्या कागदाचा हिशेब कधी ना कधी येतो. मुदत संपल्यावर जागा सोडली नाही तर दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते, हे १९९९ च्या कायद्याच्या कलम २४ मध्ये आहे, करारातही असतं. भाडेकरूला ते कळतं तेराव्या महिन्यात. आणि हे झालं भाड्याचं. विकत घेणाऱ्याची कथा याहून कडू आहे. कल्याण-डोंबिवलीत खोट्या कागदपत्रांवर महारेराची नोंदणी मिळवलेल्या ६५ बेकायदा इमारती पाडण्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला. हजारो माणसांची घरं त्यात अडकली. खरेदीखतांत एक ठरलेलं वाक्य असतं: सदर मिळकत निर्वेध, निजोखमी व बोजाविरहित असून तीवर कोणाचाही हक्क, हितसंबंध, दावा अथवा तक्रार नाही. किती भरभक्कम वाक्य! सगळ्या फटी बुजवलेल्या. एकच राहिली. 'पालिकेची परवानगी खरी आहे का?' असा पाच शब्दांचा प्रश्न त्यात विचारलेला नसतो. आणि बाकीची भिंत एवढी उंच असते की तो विचारायचा राहिलाय हे दिसतही नाही.

वाकड्या भाषेचा खरा तोटा हा. ती लपवते असं नाही, लपवायला निदान अक्कल लागते. ती झोप आणते. एवढं सगळं लिहिलंय म्हणजे कुणीतरी सगळा विचार केला असेल, असं वाटतं. विचार कुणीच केलेला नसतो. वकिलाने जुनी फाईल उघडली, एजंटाने नाव बदललं, तुम्ही अंगठा टेकवला.

सरकार हे सुधारेल याची वाट बघू नका. त्यांनी फार तर शंभराचा स्टॅम्प पेपर बंद करून पाचशेचा केला, २०२४ मध्ये. वाक्यं तीच, कागद महाग. बार असोसिएशनचीही वाट बघू नका, त्यांना आत्महत्या करायला कोण सांगणार? एक काम मात्र फुकटात होण्यासारखं आहे. पुढच्या वेळी एजंट चौदा पानं घेऊन आला की मधलं कुठलंही एक कलम काढा, समजा नववं, आणि विचारा, "हे काय म्हणतंय?"

तो म्हणेल, "काही नाही हो काका, ते फॉरमॅटमध्येच असतं."

"काही नाही ना? मग काढून टाका."

तो काढणार नाही. मग मात्र बसा आणि ते कलम वाचा. ज्या ओळीत काही नाही, ती काढायला समोरचा तयार होत नसेल, तर तुमचं डिपॉझिट त्याच ओळीत आहे.